प्रौढ विद्यार्थ्याला अटी आधी सांगा

(धाराशिव जिल्ह्यातील स्वयंसेवक शिक्षक, प्राथमिक शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



दसरा उलटला की कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी घराबाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ही जोडी ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढविण्यापूर्वी कितीतरी गोष्टी नक्की करून घेते. कारखाना कोणता, उचल किती, टनाला दर काय, कोपी कोठे टाकावयाची, परत केव्हा यावयाचे, हे सारे मुकादमाशी बोलून झाल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. हा करार बहुधा तोंडी असतो. परंतु तो ज्याचा त्याला पाठ असतो.

हाच मनुष्य उन्हाळ्यात गावी परतल्यावर साक्षरता वर्गाला येऊन बसतो. त्या वर्गात त्याला किती दिवस यावयाचे आहे, नेमके काय आले म्हणजे पुरे, शेवटी परीक्षा आहे की नाही, असल्यास ती कशी आणि उत्तीर्ण झाल्यावर हाती काय पडणार, यांपैकी एकही गोष्ट पुष्कळदा कोणी त्याला सांगत नाही. अटी विचारल्याशिवाय जो गाव सोडत नाही, त्याने अटी न विचारता रोजची संध्याकाळ द्यावी, अशी अपेक्षा असते. चार-आठ दिवसांनी तो येईनासा होतो. मग 'या लोकांना शिकावयाचेच नाही' असा शेरा मारला जातो. हा शेरा बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. त्याला शिकावयाचे नव्हते असे नाही. त्याच्याकडून काय अपेक्षित आहे हेच त्याला कळलेले नव्हते.

प्रौढ शिक्षणाच्या यशापयशात ही लहानशी दिसणारी बाब किती मोठी आहे, याचाच विचार आज करावयाचा आहे.

मूल आणि प्रौढ यांतील फरक

मुलाला शाळेत का जावयाचे, हे समजले नाही तरी ते शाळेत जाते. आईवडील पाठवितात, सोबती जातात, घंटा होते आणि मूल जाऊन बसते. प्रौढाचे तसे नसते. त्याचा प्रत्येक तास कशातून तरी काढलेला असतो. सोयाबीनच्या काढणीतून, ज्वारीच्या राखणीतून, दुभत्या जनावरांतून, नातवंडांच्या संगोपनातून वाचविलेला वेळ तो वर्गासाठी देतो. वेळेची किंमत मोजणाऱ्याला त्या वेळेच्या मोबदल्यात काय मिळणार, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो संकोचाने विचारीत नाही, म्हणून त्याच्या मनात प्रश्न नाही, असे समजू नये.

दुसरा फरक भीतीचा आहे. पाटीवर चुकले तर मूल ती पुसून टाकते. पन्नाशीच्या गृहस्थाला सुनेसमोर, शेजाऱ्यासमोर चुकण्याची लाज वाटते. ज्या परीक्षेचे स्वरूप ठाऊक नाही ती परीक्षा मनात वाढत जाते आणि खऱ्याहून कितीतरी मोठी होते. तिचे स्वरूप उघड केले की ती लहान होते.

आजच्या कार्यक्रमाच्या अटी

केंद्र शासनाचा नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखण्यात आला असून तो 'उल्लास' या नावाने ओळखला जातो. पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या असाक्षर व्यक्तींसाठी तो आहे. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, महत्त्वपूर्ण जीवनकौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण ही त्याची पाच अंगे होत. शिकविणारे स्वयंसेवक मानधनाशिवाय काम करतात. आपल्या राज्यात 'उजास' ही प्रवेशिका वापरली जाते.

या कार्यक्रमातील पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी राज्यात १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ या दिवशी घेण्यात आली. चाचणी एकूण १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान हे तीन भाग प्रत्येकी ५० गुणांचे. उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण लागतात. आणि येथेच ती अट येते जी शिकणाऱ्यापर्यंत पोहोचणे अत्यावश्यक आहे. हे ३३ टक्के तिन्ही भागांत स्वतंत्रपणे मिळवावे लागतात.

तुळजापूरच्या बाजारात हळद-कुंकू, कवड्यांच्या माळा विकणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणावी. नोटा-नाण्यांचा हिशेब तिच्या बोटांवर असतो. समजा, तिला संख्याज्ञानात ४० गुण मिळाले, वाचनात ३० मिळाले आणि लेखनात मात्र १० मिळाले. बेरीज ८० होते. एकूण उत्तीर्णतेला ५१ पुरेत. तरीही ती त्या वेळी उत्तीर्ण ठरणार नाही, कारण लेखनात १७ गुण हवे होते. ही अट पहिल्या आठवड्यात तिच्या कानावर गेली असती, तर रोज चार ओळी लिहिण्याचा सराव तिने केला असता. हिशेब येतो म्हणून निर्धास्त राहिली नसती. अट कठीण नव्हती. ती उशिरा कळली, एवढेच.

दुसरी गोष्ट वेळेची. चाचणीला तीन तास असतात. परंतु सकाळी दहा ते सायंकाळी पाच या दरम्यान परीक्षार्थीने आपल्या सोयीने यावे, अशी मुभा ठेवलेली आहे. ही सवलत मुद्दाम कामकरी स्त्री-पुरुषांचा विचार करून दिलेली दिसते. परंतु जिला ती माहीतच नाही, ती बाई सकाळच्या खुरपणीला गेल्यावर 'परीक्षा चुकली' म्हणून दुपारी घरीच बसते. सांगितली न गेलेली सवलत ही नसल्यासारखीच होय.

तिसरी गोष्ट निकालाची. या चाचणीत कोणावर 'नापास' असा शिक्का बसत नाही. ज्याला पुरेसे गुण मिळाले नाहीत, त्याच्यापुढे 'सुधारणा आवश्यक' असे लिहिले जाते आणि त्याला पुढच्या चाचणीस पुन्हा बसता येते. शाळेच्या बाकावर पहिल्यांदाच बसणाऱ्या माणसाला हे एक वाक्य दहा उपदेशांहून अधिक धीर देईल.

जे मिळणार नाही तेही सांगावे

अपेक्षा स्पष्ट करणे म्हणजे केवळ विद्यार्थ्याने काय करावे हे सांगणे नव्हे. कार्यक्रम काय देईल आणि काय देणार नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर्गाला माणसे जमावीत म्हणून उत्साहाच्या भरात मोठी आश्वासने दिली जाण्याचा धोका असतो. साक्षरतेचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. ते दहावीचे प्रमाणपत्रही नव्हे. ज्याला पुढे शिकावयाचे आहे त्याच्यासाठी मुक्त विद्यालयाची पाचवी, आठवी, दहावी अशी पुढची पायरी आहे, आणि त्यानंतर १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखी दारेही उघडी होऊ शकतात. मात्र त्या प्रत्येक पायरीची प्रवेशाची अट, शुल्क आणि परीक्षा निराळी आहे. घरी राहून शिकणाऱ्या प्रौढाच्या हाती पुस्तके येतात. परंतु स्वाध्याय केव्हा द्यावयाचा, संपर्कसत्र कोठे आहे, अर्जाची मुदत कोणती, हे कोणी समजावून सांगितले नाही तर मुदत टळून जाते आणि वर्ष वाया जाते. साक्षरता वर्गापासून पदवीपर्यंत नियम एकच आहे. आधी रस्ता दाखवावा, मग चालावयास सांगावे.

मनातील शंकाही दूर केल्या पाहिजेत. नाव कशासाठी लिहून घेतले, आधार क्रमांक का विचारला, असे प्रश्न वस्तीवर हमखास निघतात. त्यांना उत्तर न देता पुढे गेल्यास अफवा उत्तर देते.

मागील अनुभव काय सांगतो

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. १९७२ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार लाभला. त्या मोहिमेचे बळ कशात होते? गावातील सर्व प्रौढ साक्षर झाले की गौरव समारंभ होत असे, आणि तेथे नवसाक्षर मंडळी ग्रामदैवताला स्मरून पुढेही शिकत राहण्याची व मुलांना शाळेत पाठविण्याची प्रतिज्ञा करीत. गावाने काय साधावयाचे आणि ते साधल्यावर काय घडणार, हे साऱ्या गावाला आधीपासून ठाऊक असे. उद्दिष्ट फायलीत नव्हते, चावडीवर होते. पुढे पाठपुरावा कमी पडला तेथे शिकलेली अक्षरे विसरली गेली, हाही त्याच मोहिमेचा धडा होय.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पंधरा ते पस्तीस वयोगटातील दहा कोटी प्रौढांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे लक्ष्य होते. त्यानंतर ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियानाची स्थापना झाली. या अभियानाने साक्षर कोणास म्हणावे हे आकड्यांत बांधून दिले. साधा उतारा मिनिटाला ३० शब्द या वेगाने मोठ्याने वाचता यावा. मनात वाचण्याचा वेग मिनिटाला ३५ शब्द असावा. पाहून लिहिताना मिनिटाला ७ आणि ऐकून लिहिताना ५ शब्द लिहिता यावेत. एक ते शंभर अंक वाचता-लिहिता यावेत. तीन अंकांपर्यंतची बेरीज-वजाबाकी करता यावी. प्रवेशिकांतच चाचण्या गुंफण्यात आल्या, त्यामुळे आपण कोठवर आलो हे शिकणाऱ्याला पाहता येऊ लागले.

हे मोजमाप आजही ध्यानात घेण्याजोगे आहे. 'थोडेफार लिहा-वाचायला या' असे म्हणण्याऐवजी 'मिनिटाला तीस शब्द वाचता आले की तुमचे वाचन झाले' असे सांगितले, तर डोंगराचे पायऱ्यांत रूपांतर होते. परंतु मोजमाप पर्यवेक्षकाच्या पुस्तिकेत राहिले आणि शिकणाऱ्याच्या कानापर्यंत गेले नाही, तर त्याचा उपयोग केवळ अहवालापुरता उरतो.

न वाचणाऱ्यासाठी लेखी सूचना

येथे एक विसंगती उघड दिसते. अक्षरओळख नसलेल्यांसाठी जो कार्यक्रम आहे त्याचे सारे नियम परिपत्रकात, भित्तिपत्रकात आणि भ्रमणध्वनीवरील संदेशात असतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाच वाचून समजून घ्यावयास सांगणे, याला काय म्हणावे?

यावरचा उपाय या जिल्ह्याने स्वतःच एकदा शोधलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या लोहारा-उमरगा भागातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनात घरदुरुस्तीचे मोठे काम निघाले. कोणाला किती साहाय्य, ते कोणत्या टप्प्याने, बांधकाम कसे असावे, हे नियम गावोगाव समजावून सांगण्यासाठी गावातीलच स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. त्यांपैकी बहुतेकींनी तोपर्यंत सभेत तोंड उघडले नव्हते. परंतु शासनाचा नियम त्यांनी घरच्या भाषेत ओट्यावर बसून सांगितला आणि लोकांच्या अडचणी परत शासनापर्यंत नेल्या. नियम कळला तेव्हा माणसे कामाला लागली.

साक्षरतेच्या अटीही अशाच सांगितल्या पाहिजेत. ग्रामसभा आहे, बचत गटाची बैठक आहे, अंगणवाडी आहे, मंदिराचा ध्वनिक्षेपक आहे. एकदा सांगून भागत नाही. तीन ठिकाणी, तीन वेळा सांगावे. आणि सांगून झाल्यावर एखाद्या आजींनाच विनंती करावी, 'आता तुम्ही या मावशींना सांगा बरं, परीक्षेत काय काय असतं.' आजींनी जे सांगितले तेवढेच पोहोचले, असे समजावे. चाचणीच्या दोन-तीन आठवडे आधी त्याच नमुन्याचा एक सराव प्रत्येकाकडून करून घ्यावा. प्रश्नपत्रिका कशी दिसते, नाव कोठे लिहावयाचे, उत्तर कोठे, हे हाताला कळले की निम्मी भीती जाते.

दिनदर्शिका कोणाची?

वर उल्लेखिलेल्या २०२४ आणि २०२५ च्या दोन्ही चाचण्या मार्च महिन्यात झाल्या. मार्च म्हणजे अनेक कारखान्यांचे गाळप अजून चालू असण्याचा काळ. ज्या कुटुंबांचा उल्लेख आरंभी केला ती कुटुंबे त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीवर असण्याचा संभव मोठा. जे गावात आहेत त्यांची रब्बीची मळणी, पुढे येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा, लग्नसराई. ही माणसे नाव नोंदवितात तेव्हाच त्यांना विचारावे : 'मार्चमध्ये तुम्ही कोठे असाल?' जो बाहेर असणार आहे त्याला दसऱ्यापूर्वीच मोकळेपणाने सांगावे, की चाचणी त्याच्या गैरहजेरीत येण्याची शक्यता आहे, आणि त्याने प्रवेशिका सोबत न्यावी. त्याच्यासाठी कोणती सोय करता येईल याची विचारणा केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत वेळेवर व्हावी. चाचणीच्या आदल्या दिवशी नव्हे.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के होती आणि स्त्रिया पुरुषांच्या मागे होत्या. उरलेल्यांत कोण आहे, हे आठही तालुक्यांतील पंचायत सदस्यांना आकड्यांपेक्षा चेहऱ्यांनी ठाऊक आहे. मुकादमाच्या वहीतील आपली उचल किती फिटली हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी अक्षर हा शोभेचा विषय नाही. त्याच्या हंगामाच्या कमाईचा तो प्रश्न आहे.

अपेक्षा दोन्ही बाजूंच्या

स्पष्टता एकतर्फी नसावी. विद्यार्थ्यालाही विचारावे, की त्याला काय हवे आहे. कोणाला अंगठ्याऐवजी सही करावयाची असते. कोणाला एसटीची पाटी वाचून कळंबच्या गाडीऐवजी उमरग्याच्या गाडीत न चढण्याएवढे यावयास हवे असते. कोणाला बँकेची पावती भरावयाची असते, कोणाला नातीचे प्रगतिपुस्तक वाचावयाचे असते. त्याची अपेक्षा आणि कार्यक्रमाची अपेक्षा यांची सांगड पहिल्याच आठवड्यात घातली, तर पुढील महिन्यांचे काम सुकर होते. सही शिकावयास आलेल्याला दुसऱ्या दिवशी सही लिहू द्यावी. मग बाराखडीसाठी तो आपण होऊन थांबेल.

आणि बोलावे ते मानाने. शिकविणारी मुलगी अठरा वर्षांची आणि शिकणारे काका साठीचे असतील, तर 'अहो काका' म्हणूनच अट सांगावी. अट सांगणे म्हणजे हुकूम सोडणे नव्हे. समोरच्याला बरोबरीचा मानणे होय.

गोरोबाकाकांची थापटी

तेरचे संत गोरोबाकाका या जिल्ह्याचे भूषण. संतमेळ्यात त्यांनी थापटीने एकेकाचे डोके ठोकून कच्चे मडके कोणते ते पारखले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. बाकीचे शांत राहिले. नामदेवांना मात्र ते लागले आणि ते रुसले. त्या थापटीचा अर्थ काय, हे आधी कोणी त्यांना सांगितले नव्हते. नामदेव पुढे गुरूंकडे गेले आणि पक्के झाले. परंतु ते नामदेव होते. आपल्या वर्गातील साधा मनुष्य न सांगता बसलेल्या थापटीने दुखावला, तर घरी जातो आणि पुन्हा येत नाही. दुसरेही एक लक्षात घ्यावे. कुंभार कच्चे मडके फोडून टाकीत नाही, भट्टीत ठेवतो. 'सुधारणा आवश्यक' या शब्दांचा अर्थ तोच आहे, आणि तो अर्थ विद्यार्थ्याला चाचणीपूर्वी कळला पाहिजे.

पहिल्या दिवसाचे पाच शब्द

म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाने पहिल्या दिवशी, प्रवेशिका उघडण्यापूर्वी, पाच गोष्टी सांगाव्यात : काय, किती, केव्हा, कसे आणि पुढे. काय शिकावयाचे : वाचन, लेखन, संख्याज्ञान. किती आले म्हणजे पुरे : तिन्ही भागांत स्वतंत्रपणे ३३ टक्के. केव्हा : वर्गाची वेळ आणि चाचणीची तारीख जाहीर होताच ती. कसे : गावच्या शाळेत, तीन तास, आपल्या सोयीच्या वेळी. आणि पुढे : उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र व पुढील शिक्षणाची वाट, न झाल्यास पुन्हा संधी. यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

पंचायत सदस्यांनी याच पाच गोष्टी ग्रामसभेत उच्चाराव्यात. मुख्याध्यापकांनी त्या पालकसभेत सांगाव्यात. अधिकाऱ्यांनी गावभेटीत नोंदवहीपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे, 'परीक्षेत काय असतं, सांगता का?' त्याला सांगता आले तर वर्ग योग्य दिशेने चालला आहे असे मानण्यास हरकत नाही. सांगता आले नाही, तर उणीव त्याच्यात शोधू नये.

ऊसतोडीला निघालेल्या माणसाला मुकादम सर्व अटी सांगतो, कारण त्याला त्याचे काम हवे असते. समाजाला तर या माणसाचे सारे भवितव्य उजळावयाचे आहे. निदान मुकादमाइतका स्पष्टपणा आपल्याकडून व्हावा, एवढीच अपेक्षा.